सावित्रीबाईंची शुश्रूषा

हिजरी १३१४ चा रमजान इंग्रजी १८९७ च्या फेब्रुवारीत, पहिल्याच आठवड्यात लागला. त्याच आठवड्यात, ४ फेब्रुवारीला, सरकारने साथरोग कायदा संमत केला. आदल्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलेला प्लेग तोवर घाट चढून पुण्यात आला होता. जांघेत किंवा काखेत गाठ, सणकून ताप, ग्लानी आणि बहुतेकांच्या बाबतीत थोड्याच दिवसांत शेवट. घरात उंदीर मरून पडला की लोक घर सोडत. ज्यांना जायला दुसरे ठिकाण नव्हते ते तिथेच राहत, आणि त्यांच्यातला कोणी आजारी पडला की त्याच्याजवळ जायला घरचेही धजत नसत.

त्या दिवसांत पुण्याच्या पूर्वेला, हडपसरच्या माळावर ससाण्यांच्या मळ्यात एक दवाखाना उघडला होता. शहरापासून दूर, मोकळ्या हवेत. औषधपाणी करणारे डॉक्टर लष्करी नोकरीतून रजा घेऊन आलेले, नाव यशवंत. आणि रोग्यांना शोधून आणणारी, त्यांच्या अंथरुणापाशी बसणारी बाई सहासष्ट वर्षांची, त्या डॉक्टरांची आई. सावित्रीबाई फुले.

सावित्रीबाईंना आपण शिक्षिका म्हणून ओळखतो आणि ते योग्यच आहे. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. तिथे १८४८ मध्ये जोतीरावांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. मोडकळीला आलेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला, त्या जागी राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. शाळेच्या वाटेवर अंगावर पडलेले शेण आणि पिशवीतले दुसरे लुगडे ही हकिकत शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण १८६३ पासून पुढची चौतीस वर्षे या बाई शाळेइतक्याच दुसऱ्यांच्या बाळंतपणात, उपाशी पोरांच्या पंगतीत आणि रोग्यांच्या उशाशी होत्या. तो भाग आपण एका वाक्यात उरकतो, की प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या. रमजानमध्ये इयादतीबद्दल, म्हणजे आजाऱ्याच्या भेटीला जाण्याबद्दल, मशिदीत बरेच सांगितले जाते. भेटीला जाणे पाच मिनिटांचे असते. उशाशी राहणे वेगळे. म्हणून ते एक वाक्य आज जरा उलगडून पाहू.

नायगाव हे सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातले गाव. तिथल्या खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० मध्ये लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या, जोतीराव तेरा वर्षांचे. जोतीरावांची शाळा त्या आधीच सुटली होती. मुलगा हुशार आहे, त्याला पुन्हा शाळेत घाला, असे गोविंदरावांच्या गळी उतरवणारे दोघे होते, शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब. फारसी-उर्दू जाणणाऱ्या त्या मुन्शींनी हा हट्ट धरला नसता तर पुढचा इतिहास कसा झाला असता, याचा विचार या पानाच्या वाचकाने अधूनमधून करावा.

जोतीरावांनी बायकोला घरीच अक्षरे शिकवली. पुढे सावित्रीबाईंनी नगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या संस्थांमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिकवण्याची नुसती तळमळ त्यांना पुरेशी वाटली नाही. काम हाती घ्यायचे तर ते कसे करतात हे आधी शिकून घ्यायचे, हा त्यांचा स्वभाव तिथूनच दिसतो.

१८४९ मध्ये लोकांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घर सोडायला सांगितले. तेव्हा जोतीरावांचे मित्र उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. त्या घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या शाळेच्या कामात सोबतीण झाल्या. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या ज्या तीन पत्रांचा नेहमी उल्लेख होतो, त्यांतल्या पहिल्या पत्रात फातिमाचे नाव आहे. तारीख १० ऑक्टोबर १८५६, मुक्काम नायगाव.

हे पत्र आजारपणातून उठलेल्या बाईचे आहे. सावित्रीबाई बरेच दिवस अंथरुणाला खिळून होत्या आणि माहेरी गेल्या होत्या. भावाने आपली शुश्रूषा कशी मन लावून केली ते त्या कौतुकाने कळवतात. हाच भाऊ बहिणीच्या शाळेच्या कामाला नावे ठेवत होता, महार-मांगांसाठी काम करता म्हणून वाळीत पडलात असे सुनावत होता. त्याच्याशी झालेला वादही त्याच पत्रात आहे. विचार पटत नव्हते, पण बहीण तापाने फणफणली तेव्हा उशाशी तोच बसला. आणि मग सावित्रीबाईंना पुण्याची आठवण येते. आपण इथे पडून आहोत, तिथे सगळा भार फातिमावर पडला असेल, तिला फार त्रास होत असेल, पण ती समजून घेईल आणि कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे त्या लिहितात.

फातिमा शेख यांच्याबद्दल अलीकडे बाजूने आणि विरुद्ध बरेच लिहिले जाते. मला ते दोन ओळींचे स्मरण पुरते. ज्या कोणी रुग्णालयात पाळीने काम केले आहे त्याला त्या ओळींचा अर्थ लगेच कळेल. एक सिस्टर आजारी पडते तेव्हा तिच्या वाटचे रुग्ण रजेवर जात नाहीत. दुसरी कोणीतरी आपले आठ तास संपवून तिची पाळी ओढते. रमजानमध्ये आपल्याकडच्या मुली इफ्तारच्या वेळी दहा मिनिटे बाजूला होतात तेव्हा त्यांचे सलाइन आणि त्यांचा मॉनिटर शेजारची सविता नाहीतर जॉयसी बघते, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री किंवा नाताळात तो हिशेब परत होतो. याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नसते. सावित्रीबाईंनी ती पत्रात केली. काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या कामाचे ओझे दिसते, ते असे.

आता १८६३ कडे येऊ. तीनच वर्षांपूर्वी लंडनला फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिकांची शाळा निघाली होती. क्रिमियाच्या युद्धात जखमींची देखभाल करताना त्यांनी जे पाहिले, नोंदले, मोजले त्यातून ती उभी राहिली. गंज पेठेतल्या फुल्यांच्या घराचा त्या शाळेशी काही संबंध नव्हता. तिथली निकड वेगळी होती.

पुण्यात एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीरावांच्या मित्राच्या घरी स्वयंपाकाला होती. तिला दिवस गेले. ज्याच्यामुळे गेले तो शास्त्रीबोवा नामानिराळा राहिला. तिने बाळंत झाल्यावर मूल मारले, विहिरीत टाकले, पकडली गेली आणि काळ्या पाण्याच्या शिक्षेवर अंदमानला गेली. या प्रकरणानंतर फुले दांपत्याने आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. शहरात, विशेषतः ब्राह्मणवस्तीत, जाहीर पत्रके लावली. विधवांनी इथे गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, नाव कोणाला कळणार नाही, असा त्यांचा मतलब होता.

या कामाकडे परिचारिकेच्या नजरेने पाहा. पोटातले मूल दडवण्यासाठी महिनोन्महिने पोट आवळून बांधलेली, धास्तावलेली, बहुधा जडीबुटी किंवा त्याहून वाईट काहीतरी पोटात घेतलेली मुलगी रात्री दारात उभी राहणार. तिला आत घ्यायचे, काही न विचारता. गरम पाणी, स्वच्छ कपडे, अंधारी खोली. बाळंतपण अवघड जाणार हे ठरलेले. तिच्या किंकाळ्या गल्लीत जाऊ द्यायच्या नाहीत. बाळ झाल्यावर आई काही दिवसांत निघून जाणार, मूल इथेच राहणार, त्याला दूध कुठून आणायचे हा प्रश्न सकाळीच पुढे येणार. आणि शेजारपाजारच्या शिव्या तर रोजच्याच.

जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी सरकारला जे टिपण पाठवले त्यात या घराचा हिशेब आहे. तोवर पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती. तीस गेली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी जी विषारी औषधे घेतली त्यांनी पोटातच इजा झाल्यामुळे ती वाचली नाहीत, असे कारण जोतीरावांनी दिले आहे.

पस्तिसांत पाच. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढे वाचवले नाही. आज रुग्णालयांत परिचारिकेच्या कामगिरीचे मूल्यमापन होते. किती रुग्ण बरे झाले, किती दिवसांत घरी गेले, कोणाला पाठीला जखमा झाल्या, कोणाला औषधाचा डोस चुकला, हे सगळे तक्त्यांत भरले जाते. ते भरलेच पाहिजे, कारण मोजल्याशिवाय चूक सापडत नाही. पण नुसता तक्ता पाहिला तर गंज पेठेतले ते घर नापास ठरले असते. एकवीस वर्षांत तीस अर्भके हातात मेलेली. कोणाचेही मन मोडेल. तरी घराचे दार बंद झाले नाही. आलेल्या प्रत्येक बाईला तिथे अंथरूण मिळाले. मूल गेले तरी बाळंतिणीला एकटीने विहिरीकडे किंवा तुरुंगाकडे जावे लागले नाही, हे त्या पस्तीस बायांच्या बाबतीत साधले, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

निष्ठा आणि कामगिरी यांचा संबंध काय, असे कोणी मला विचारले तर मी या घराकडे बोट दाखवीन. काम चांगले जमते, कौतुक होते, रुग्ण हसत घरी जातो तेव्हा निष्ठा राखणे अवघड नाही. तिसावे मूल गेल्यावर एकतिसाव्या बाईसाठी पाणी तापवायला ठेवणे याला कस लागतो. आणि आकडा न लपवता सरकारला जसाच्या तसा कळवणे हाही त्याच निष्ठेचा भाग होता. आज कितीजण कळवतील?

त्या वाचलेल्यांतला एक यशवंत. १८७४ मध्ये काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा या घरात बाळंत झाली. मूलबाळ नसलेल्या फुले दांपत्याने तो मुलगा दत्तक घेतला आणि पुढे डॉक्टर केला.

१८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूरला होत्या. तिथून २० एप्रिल १८७७ चे पत्र आहे. झाडे बोडकी झालेली, जनावरे मरून पडलेली, माणसे विषारी फळेसुद्धा खात आहेत, असे चित्र त्यात आहे. सत्यशोधकांनी अन्नवाटपाच्या समित्या केल्या होत्या. सावकारांच्या कागाळ्यांवरून त्यांतले पन्नास कार्यकर्ते पकडले गेले. सावित्रीबाई कलेक्टरला भेटल्या, बाजू मांडली, माणसे सोडवली, शिवाय चार बैलगाड्या ज्वारी मिळवली. धनकवडीला दुष्काळी मुलांसाठी बालाश्रम चालला, तिथेही त्या राबल्या. दुष्काळाबद्दल इथे एवढेच. पण कलेक्टरची भेट विसरू नये. शुश्रूषा करणाऱ्या बाईने सोशिक असावे, मान खाली घालून काम करावे, अशी आपली एक गोड समजूत आहे. वॉर्डात कापूस संपला, हातमोजे संपले, रात्री साठ रुग्णांमागे दोघीच उरल्या तर वर जाऊन भांडणारी सिस्टर अनेकांना आगाऊ वाटते. रुग्णाच्या बाजूने भांडणे हेही तिचे कामच आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. आपण कुणाच्या भेटीला जातो तेव्हा वॉर्डात नजर फिरवून मोजावे. मग सिस्टर हाक मारल्याबरोबर का येत नाही याचा उलगडा होतो.

जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. घोले हे त्या काळचे नामांकित शल्यचिकित्सक आणि सत्यशोधक समाजातले. बुधवार पेठेत फरासखान्याजवळ बाहुलीचा हौद आहे, तो याच घोल्यांच्या काशी नावाच्या लेकीच्या स्मरणार्थ बांधलेला. मुलीला शिकवतात म्हणून नातेवाइकांनी तिला काच कुटून घातलेला लाडू दिला, असे पुण्यात सांगतात. म्हणजे भिडे वाड्यापासून हाकेच्या अंतरावर शिकणाऱ्या मुलींची दोन स्मारके आहेत, एक शाळेचे आणि एक हौदाचे. येता-जाता कधी थांबून पाहावे.

डॉक्टर औषध देऊन जातो. अर्धांगाच्या रुग्णाचे बाकी सगळे घरच्या बाईच्या हाती असते. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. घास लहान, मान वर, नाहीतर ठसका श्वासनलिकेत जातो. अंग पुसणे, मलमूत्र काढणे, लुळा हात-पाय रोज हलवत राहणे. यात एक दिवसाची सुटी नसते. जोतीरावांनी त्या आजारातून उठून डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून पुरे केले, हे आपण त्यांच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ती जिद्द होतीच. पण उजवा हात गेलेला माणूस बसून लिहू शकला, याचा अर्थ त्याला कोणीतरी रोज उठवून बसवले होते. पैशाची ओढाताण होती. मामा परमानंदांनी मदतीसाठी बडोद्याच्या सयाजीरावांना लिहिले होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाने अग्नी देण्यावरून भाऊबंदांनी वाद घातला तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. १८९३ च्या सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. मग चार वर्षांनी प्लेग.

आपल्या परंपरेत शुश्रूषेचा पहिला तंबू मदिनेला मस्जिदे नबवीच्या आवारात उभा राहिला, रुफैदा अल-अस्लमिया यांचा. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना त्या तंबूत ठेवले होते. मशिदीच्या आवारात, पैगंबरांच्या नजरेसमोर. म्हणजे रोग्याची जागा वस्तीबाहेर नव्हती, इबादतीच्या जागेला लागून होती. रमजानमध्ये आपण रुफैदांचे नाव घेतो आणि घ्यावे. पण नाव घेणाऱ्या अनेक घरांत मुलीने नर्सिंगला जायचे म्हटले की आजही कपाळाला आठ्या पडतात. रात्रपाळी, परक्या पुरुषांच्या अंगाला हात, लग्न जमताना येणारा प्रश्न. हीच कारणे शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या वाड्यांतही दिली जात होती. आपण त्यांना नुसता धार्मिक रंग दिला आहे, एवढाच फरक.

आणि रोजाचे म्हणाल तर आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत कुरआनातच आहे. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी रोजा सोडावा लागला तर तो नंतर पुरा करण्याची मुभा फिकहच्या अभ्यासकांनी दिलेली आहे. २०२० चा रमजान टाळेबंदीत आला. सहरीला जेवून सकाळी संरक्षक पोशाखात शिरलेल्या मुलींना सहा-सहा तास त्या प्लास्टिकमध्ये घामाच्या धारा लागत. त्यांच्यातल्या कोणी रोजा ठेवला, कोणी नंतरवर टाकला. त्याचा हिशेब मागणे आपले काम नाही. त्या पोशाखात शिरण्याआधी त्यांना तो नीट, मापाचा आणि वेळेवर मिळाला का, हे विचारणे मात्र आपले काम होते.

सावित्रीबाईंना असा पोशाख नव्हता. रोग कसा पसरतो हेही कोणाला ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवांमधून माणसात येतो, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवले ते पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून आपली लस तपासली होती. हडपसरपर्यंत तिने पोहोचायला अजून अवकाश होता. सावित्रीबाईंजवळ होते ते एवढेच: शहराच्या गर्दीबाहेरची मोकळी जागा, यशवंतच्या सासुरवाडीचा मळा, डॉक्टर मुलगा आणि स्वतःचे हात. तेवढ्यावर त्यांनी जी व्यवस्था लावली ती त्या काळच्या ज्ञानाला धरून होती. रोगी वस्तीतून हलवायचा, हवेशीर जागी ठेवायचा, शिकलेल्या डॉक्टरच्या हाती द्यायचा. लष्करी नोकरीतल्या मुलाला रजा काढून बोलावून घेतले ते याचसाठी. नुसत्या मायेने प्लेग हटत नाही, हे पस्तीस बाळंतपणांच्या हिशेबानंतर त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. आणि हेही माहीत होते की मुलाला आपण जोखमीत बोलावतो आहोत.

मुंढव्याच्या बाहेर महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या मुलाला गाठ आल्याचे त्यांना कळले. त्या तिथे गेल्या. गाडी नाही, डोली नाही, हात लावायला दुसरे कोणी नाही. त्यांनी त्या मुलाला पाठीवर घेतले आणि हडपसरच्या दवाखान्यापर्यंत चालत आणले.

तापाने ग्लानीत असलेले पोर पाठीवर फार जड होते. ते धरून राहत नाही, मान खांद्यावर लोंबते, पाय ओघळतात, आपल्याला पुढे वाकून त्याचा सगळा भार कमरेवर घ्यावा लागतो. सहासष्टाव्या वर्षी, मार्चच्या उन्हात, मुंढव्याहून हडपसर. त्या मुलाच्या कपड्यांत पिसवा असतील, हे आज आपल्याला कळते.

ईद मार्चच्या पहिल्या आठवड्यात होऊन गेली होती. त्याच सुमारास सावित्रीबाईंना ताप चढला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. १३ मार्चपासून रँडच्या प्लेग समितीने शहरात गोऱ्या सोल्जरांकरवी घरांच्या झडत्या सुरू केल्या आणि रोगी पकडून नेले जाऊ लागले. लोक आजारी माणसे माळ्यावर आणि कणगीआड लपवू लागले, कारण नेणारा हात कसला आहे हे त्यांना कळत होते. हिंदूंसाठी, मुसलमानांसाठी, पारशांसाठी वेगवेगळी प्लेग-रुग्णालये निघाली. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. इतिहासाच्या पुस्तकात १८९७ चा प्लेग म्हटले की आपण थेट तिथे पोहोचतो.

पांडुरंग गायकवाड वाचला. ज्या डॉक्टरने त्याच्यावर उपचार केले ते यशवंत फुले पुढे १९०५ मध्ये प्लेगच्याच साथीत गेले.